भाऊंच्या मशीनची अक्षरं

आमच्या दुकानात किस्से साठतात ते कटिंग मशीनखालच्या कागदाच्या पट्ट्यांसारखे. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी शटर वर करून दोन कामं होत नाहीत तोच पुन्हा पायात येतात. कोणी मुद्दाम करत नाही. लग्नपत्रिका, बॅनर, व्हिजिटिंग कार्ड करता करता कडेनं जे उरतं, ते किस्से. आज तुम्ही जमलाच आहात, चहाही सांगितलाय, तर त्यातल्या काही पट्ट्या उचलून दाखवते.

आधी दुकान सांगते. सीताबर्डीत व्हरायटी चौकातून आत वळलं की मोबाइल कव्हरवाल्यांची रांग लागते. त्यातल्या एकाच्या डोक्यावर, लोखंडी जिना चढून, आमची खोली. मालक प्रफुल्लदादा. पन्नाशी ओलांडलेला, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा, मनानं अगदी लोणी. कामाला मी, अलका. हुडकेश्वरहून स्कूटीनं येते. आणि कूलरसमोरच्या खुर्चीत भाऊ, म्हणजे प्रफुल्लदादाचे वडील. घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून दादा रोज त्यांना सोबत आणतो. भाऊ जिना कठड्याला धरून चढतात. दादाचा हात धरत नाहीत.

त्याचं कारण असं. भाऊंचा सक्करदऱ्यात, तलावाच्या बाजूच्या गल्लीत, टायपिंगचा क्लास होता. अर्ध्या नागपूरचे क्लार्क आपण घडवले, असं भाऊच सांगतात. पुढे सरकारनं टायपरायटरवरची परीक्षा बंद केली आणि क्लास ओस पडला. एकदा भाऊ उमरेडला लग्नाला गेले असताना प्रफुल्लदादानं सगळ्या मशिनी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. भाऊ परत आले तर हॉलमध्ये नुसती टेबलं! एक मशीन तेवढी वाचली, तीही मिस्त्रीकडे दुरुस्तीला गेली होती म्हणून.

तेव्हापासून भाऊ मुलाशी बोलत नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही. दोघं एका ताटलीतले पोहे खातात, एका ऑटोनं येतात, एका कूलरचा वारा घेतात. फक्त बोलत नाहीत. किती वर्षं झाली ते दोघंही सांगत नाहीत. भाऊंनी एकदा आपल्याला नावानं हाक मारावी, एवढंच दादाला हवं आहे. आमचा टायपरायटरचा फॉन्ट त्या हट्टातूनच झाला.

*

बोलत नाहीत म्हणजे एकमेकांशी. बाकी बोलणं दिवसभर चालू असतं, फक्त ते माझ्यातून जातं.

"अलका, त्याले सांग, कूलरमधलं पाणी संपलं."

'तो' दोन हातांवर बसलेला. त्यानं ऐकलेलं असतं. तरी मी म्हणायचं, "दादा, कूलरमधलं पाणी संपलं."

"भाऊंले सांग, भरून राहिलो."

"भाऊ, भरून राहिले ते."

"बरं," असं भाऊ मला म्हणतात.

मी बाई जरा तंद्रीत जगणारी. कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, खालून येणारे ऑटोवाल्यांचे आवाज, आणि त्यातून जाणारे हे निरोप. पुष्कळदा मी ते अर्धवट झोपेतच पोचवते. एकदा भाऊंना चहा हवा होता आणि मी दादाला सांगितलं, भाऊंना तलाव पाहिजे. दादानं मान डोलावली आणि चहा मागवला. ऐकलं होतंच ना त्यानं!

मे महिन्यात मी मावसबहिणीच्या लग्नाला गेले. परत आले तर दुकानाची भट्टी झालेली. कूलर कोरडा ठणठणीत, पंखा गरम हवा फेकतोय, आणि बापलेक घामानं निथळत आपापल्या जागी बसलेले.

"अहो, पाणी काहून नाही भरलं?" मी ओरडलेच.

दोघंही एकदम माझ्याकडे वळले. भाऊ म्हणाले, "तू नव्हती ना! सांगणार कोण?"

*

ती वाचलेली मशीन मिस्त्रीनं इतक्या वर्षांनी घरी आणून दिली, तेव्हा दादानं ठरवलं की हिचा फॉन्ट करायचा. म्हणजे मशिनी गेल्या तरी त्यांची अक्षरं राहतील. काम ऐकायला सोपं. मशीनवर एकेक अक्षर कागदावर उठवायचं, कागद स्कॅन करायचा, कॉम्प्युटरवर अक्षराच्या कडा आखायच्या आणि फॉन्ट बांधायचा. मग कीबोर्डवर बोट ठेवलं की स्क्रीनवर भाऊंची मशीन उमटणार.

टायपरायटर जवळून पाहिला नसेल तर सांगते. वर कागद धरणारी कॅरेज असते. एक अक्षर उठलं की ती एक घर डावीकडे सरकते. सरकत सरकत ओळ संपत आली की टिंग अशी घंटी वाजते. मग डाव्या हातानं कॅरेज परत उजवीकडे ढकलायची, नवी ओळ सुरू. भाऊंच्या हातात ते इतकं भिनलंय की जेवणाचा डबाही ते तसाच ढकलतात. शेवटचा घास तोंडात गेला की डावा हात उठतो आणि डबा टेबलावरून उजवीकडे सुटतो. उजवीकडे मी बसते, म्हणून आजवर एकही डबा खाली पडलेला नाही.

प्रफुल्लदादा टायपिंगमास्तरांचा मुलगा, पण टाइप करतो दोन बोटांनी. तो मशीनवर एकेक अक्षर उठवत होता आणि भाऊ डोळे मिटून ऐकत होते.

"अलका, त्याले सांग, टायपिंग होय ते. खिळे नाही ठोकून राहिला."

असा ठोकून ठोकून पहिला फॉन्ट झाला. दादानं त्यात जीव ओतला होता. ब च्या पोटात शाई साचायची, ती त्यानं काढली. र जरा खाली बसायचा, तो वर घेतला. मशीनवर ग चा अर्धा भाग वेगळा उठतो आणि त्याचा काना वेगळा, मध्ये केसभर फट राहते. ती बुजवली. सगळी अक्षरं न्हाऊमाखू घालून, भांग पाडून उभी केल्यासारखी. एक मजकूर छापून त्यानं कागद माझ्याकडे दिला, मी भाऊंच्या मांडीवर ठेवला.

भाऊंनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. टाइप केलेल्या कागदाच्या पाठीला बोट लावलं की खळगे लागतात, तसे लागतात का म्हणून कागद उलटा करून त्यावरून बोट फिरवलं. मग मला म्हणाले, "अलका, हे कोण होय?"

दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण दुसऱ्या दिवसापासून त्यानं सगळा मळ परत लावायला घेतला. ब च्या पोटात शाई भरली, र खाली बसवला, ग आणि कान्याच्या मधली फट उघडली. एकेका अक्षराची निरनिराळी रूपं केली, म्हणजे एका ओळीत म पुन्हा पुन्हा आला तरी प्रत्येक म वेगळा दिसावा, एखादा फिकट, एखादा ठसठशीत. जग डाग घालवायला धडपडतं आणि आम्ही दिवसेंदिवस डाग लावत बसलो होतो!

दुसरा कागद भाऊंनी पाहिला. घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. दादा त्या खिशाकडे दिवसभर पाहत होता.

*

फॉन्टचा नमुना भिंतीवर लावला आणि पहिलं गिऱ्हाईक आलं. एक मुलगी आणि तिचा होणारा नवरा, दोघंही आयटीत.

"किती व्हिंटेज आहे हे!" मुलगी नमुन्यासमोर उभी राहून म्हणाली. "आमची पत्रिका यातच करा. सोनेरी काही नको, फुलं नकोत, मोर नको. पांढरा कागद, टाइप केलेला मजकूर आणि खाकी पाकीट."

मी म्हटलं, "घरच्यांले विचारलं का?"

"त्यांना आवडेल हो!"

पत्रिका गेल्या. आणि फोन सुरू झाले. पहिला काटोलहून, मुलाच्या काकांचा. "मॅडम, तुम्ही छापलं काय हे? आमच्या मोठ्या चुलतभावानं पाकीट उघडलं, एक ओळ पाहिली, कोर्टाची नोटीस समजला अन् कागद देवाजवळ नेऊन ठेवला. म्हणते, वकिलाले दाखवल्याशिवाय हात लावणार नाही!" एका आत्यानं तर पाकीट न उघडताच रडायला घेतलं. पोस्टमनला शेजारच्यांनी पाणी पाजलं, का ते मला अजून कळलेलं नाही.

लग्न झालं आणि मुलीचे वडील स्वतः जिना चढून आले. मी मनात म्हटलं, आता आपली काही धडगत नाही. ते बसले, पाणी प्यायले, रुमालानं मान पुसली.

"मॅडम, आमच्या खानदानात लग्नाले अर्धे लोक कधी येत नाही. कोणाचा पाय दुखते, कोणाचं पोट. यावेळी झाडून सगळे हजर! विचारलं तर म्हणे, टाइप केलेला कागद आला होता, नाही गेलो अन् मागं काही लागलं तर! जेवण दुपारीच संपलं, मॅडम. हलवायानं हात जोडले."

मी सॉरी म्हणणार तेवढ्यात ते उठले. दारात थांबून म्हणाले, "धाकटीच्या लग्नाले मोरवाली पत्रिका करजा."

*

हुडकेश्वरला आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, एक मोकळी जागा आहे, पोरांना खेळायला ठेवलेली. तिथे लोक गाड्या लावतात. सेक्रेटरीसाहेबांनी लाल अक्षरांत बोर्ड लावला, मग पिवळ्यात लावला, मग हात जोडलेलं चित्र काढून लावला. लोक बोर्डालाच टेकून गाडी उभी करत. शेवटी साहेब मला म्हणाले, "ताई, तुम्ही छपाईत आहा. तुम्हीच करा काहीतरी."

मी तोच मजकूर आमच्या फॉन्टमध्ये छापला. साधा पांढरा कागद, खाली नाव नाही, सही नाही, शिक्का नाही. सकाळी कामावर निघताना खांबाला चिकटवला.

संध्याकाळी परत आले तर जागा मोकळी! एकही गाडी नाही. रोज तिथे लोळणारं कुत्रं रस्त्यापलीकडे जाऊन बसलेलं. पोरं क्रिकेट खेळून राहिली होती. मी फाटक लावत होते, तेवढ्यात सेक्रेटरीसाहेब लगबगीनं आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"ताई, मी बी माझी गाडी काढून घेतली. हा आदेश कोण्या ऑफिसातून आला?"

*

आता हा किस्सा हसण्यातला आहे की नाही, मला ठरवता येत नाही.

दुपारची वेळ. खाली रस्ता सुस्तावलेला, आमचा कूलर एकसुरात चाललेला, माझे डोळे मिटत होते. एक बाई झेरॉक्स विचारत वर आल्या. सुती साडी, केस पांढरे, खांद्याला पर्स. झेरॉक्स आमच्याकडे नाही. त्या निघाल्याच होत्या, तेवढ्यात त्यांना भिंतीवरचा नमुना दिसला.

त्या थांबल्या. वाचत नव्हत्या, नुसतं पाहत होत्या. मग काउंटरच्या काचेवर त्यांची बोटं हलायला लागली. टक टक, टक टक टक. त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. मला वाटलं मी झोपले आणि स्वप्नात मशीन ऐकते आहे.

भाऊ डोळे मिटून बसले होते. तसेच बसून म्हणाले, "डावी करंगळी झोपली."

बोटं थांबली. बाई सावकाश वळल्या. "सर?"

भाऊंनी डोळे उघडले. बराच वेळ पाहिलं. "मंदा ना वं तू? तुझी करंगळी तवाही झोपत होती."

मंदाताई आधी हसल्या आणि मग हसता हसताच डोळ्यांना पदर लावला. त्यांनी खुर्ची ओढली, भाऊंसमोर बसल्या आणि दोन्ही हात पुढे धरून दाखवले. "या बोटायनं घर चालवलं, सर. धाकटा भाऊ शिकवला, पोरी शिकवल्या. आता रिटायर झाली, तरी टीव्ही पाहता पाहता मांडीवर टाइप करत राह्यते." भाऊ त्या हातांकडे पाहत होते. मला इतकं बरं वाटलं की मी चहा सांगायलाही विसरले.

मग त्यांनी विचारलं, हे भिंतीवरचं कोणी केलं? मी दादाकडे बोट दाखवलं. तो स्क्रीनच्या मागे लपल्यासारखा बसला होता.

"सर, अहो, ही तर आपल्याच क्लासची मशीन होय! खिडकीजवळची! तुमच्या पोरानं केलं हे? मग शाबासकी दिली का नाही त्याले?"

स्क्रीनच्या मागून दादाचं डोकं वर आलं. भाऊंनी मान वळवली.

"अलका, त्याले सांग, कूलरमधी पाणी भर."

कूलर भरलेलाच होता. तरी दादा उठला, बादली आणली आणि ओतत राहिला. पाणी वाहून जिन्यावरून खाली मोबाइल कव्हरवाल्याच्या छत्रीवर पडलं, तेव्हा कुठे थांबला.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला दुकानात खरोखरची झोप लागली.

टायपरायटरच्या अक्षरांची एक गंमत आहे. मशीनवर सगळ्यांना एकसारखीच जागा. र किती बारीक, क्ष किती रुंद, पण घर दोघांना एकाच मापाचं. म्हणून र च्या दोन्ही बाजूंना मोकळी हवा आणि क्ष कोंबून बसलेला. आमच्या फॉन्टमध्येही दादानं ते तसंच ठेवलंय. दिवसभर तेच पाहत होते, म्हणून असेल, स्वप्नातही तेच आलं. सक्करदऱ्याच्या तलावाकाठी टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर मशीन आणि खुर्च्यांवर अक्षरं बसलेली. क्ष अंग चोरून, र हातपाय पसरून. सगळी मिळून टाइप करत होती. ऊन पिवळं आणि मऊ. टिंग वाजलं की तलाव थोडा उजवीकडे सरकायचा, पाण्यासकट, काठावरच्या झाडांसकट, आणि परत हळूहळू डावीकडे यायला लागायचा.

मी डोळे उघडले आणि म्हटलं, "दादा, तलाव सरकला."

दादा हसला नाही. हातातलं काम थांबवून म्हणाला, "आमची खोली हॉलच्या मागंच होती. दुपारी मी त्या आवाजावर झोपत होतो. सगळ्या मशिनी एकदम चालत राहायच्या, मधातच टिंग. सुटीच्या दिवशी मले झोपच नाही यायची."

इतक्या वर्षांत मी जे विचारलं नव्हतं ते तेव्हा तोंडातून निघून गेलं. "मग विकल्या काहून, दादा?"

"शिकायले कोणी येत नव्हतं वं. तरी भाऊ रोज सकाळी जायचे. सगळ्या मशिनी पुसायचे, तेल द्यायचे, कागद चढवायचे अन् रिकाम्या हॉलमधी बसून राहायचे. मले पाहवत नव्हतं. मले वाटलं, मशिनी नसल्या तर आराम करतील. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही."

भाऊ खुर्चीत डोळे मिटून होते. झोपले होते की जागे, मला सांगता येणार नाही. मला दोघांचंही वाईट वाटलं, आणि ते कोणाला सांगावं हेही कळेना, कारण त्या खोलीतले सगळे निरोप तर माझ्यातूनच जात होते.

*

मग दादानं फॉन्टला आवाज जोडला. म्हणजे मशीनचा आवाज रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये असं काही बसवलं की टाइप करताना दर अक्षराला खट वाजावं आणि ओळ संपली की टिंग. स्पीकरही आणले.

दुसऱ्याच दिवशी खालचा मोबाइल कव्हरवाला वर आला. "दीदी, ऊपर कारखाना डाला क्या?" बघतो तर दादा एकटा दोन बोटांनी वाढदिवसाचा बॅनर करतोय. डोकं हलवत खाली गेला. मला वाटलं, आता हा भांडण काढणार.

आठवडाभरानं स्पीकरची वायर गेली. दुपार शांततेत गेली. संध्याकाळी मी जिना उतरले तर तो लाल डोळ्यांनी काउंटरमागे बसलेला.

"दीदी, आज मशीन बंद थी क्या? दोपहर को नींदच नहीं आई."

वायर दुसऱ्या दिवशी त्यानंच आणून दिली.

*

आणि हा शेवटचा. यानंतर मग मला काही विचारू नका.

फॉन्ट पूर्ण झाला. इंटरनेटवर विकायला ठेवायचा तर नाव द्यावं लागतं. दादाच्या मनात भाऊंचंच नाव होतं. पण विचारणार कसं? तो माझ्याजवळ आला आणि भाऊंना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाला, "अलका, भाऊंले विचार ना, फॉन्टले त्यायचं नाव दिलं तर चालंल का?"

मी हातातली पत्रिका खाली ठेवली. "नाही, दादा. पाण्याचा निरोप देईन, चहाचा देईन. हा नाही देणार."

दादा हिरमुसला. चष्मा पुसून नाकावर चढवला. मग उठला. भाऊंच्या खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी ठेवली, तिच्यावर कीबोर्ड ठेवला. स्टूल ओढून समोर स्क्रीन मांडला. कीबोर्डची सेटिंग बदलून जुन्या टायपरायटरची केली, म्हणजे भाऊंची बोटं जिथे जातील तिथे तीच अक्षरं. फॉन्ट लावला. स्पीकर लावले. आणि भाऊंच्या डाव्या बाजूला उभा राहून म्हणाला, "भाऊ, नाव..."

पुढचं त्यानं कीबोर्डकडे बोट दाखवून सांगितलं.

भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. कीबोर्डकडे पाहिलं, मग डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. खाली कोणीतरी ऑटोचा हॉर्न वाजवला आणि तो आवाज विरत विरत गेला. कूलरचं पाणी ठिबकत होतं.

मग भाऊंचे हात मांडीवरून उठले. किती हळू उठले! बोटं कीबोर्डवर आपापल्या जागी बसली. खट. खट खट. खट खट खट. क्लासच्या पहिल्या दिवसाचा धडा असावा. स्क्रीनवर सक्करदऱ्याची ती अक्षरं एकेक करून उमटत होती, शाई भरलेला ब, खाली बसलेला र, कान्यापासून केसभर लांब उभा असलेला ग. दादा ते पाहायला डावीकडून वाकला. वाकता वाकता त्याचा चेहरा अगदी स्क्रीनच्या कडेला आला.

टिंग.

भाऊंचा डावा हात उठला, कॅरेज ढकलायला. तिथे दादाचा गाल होता. भाऊंनी तो तळहातात धरला आणि सवयीच्या जोरात उजवीकडे ढकलला! दादाचं अख्खं डोकं स्क्रीनसमोरून सरकत पार उजवीकडे गेलं, चष्मा एका कानावर लोंबकळला. मी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. भाऊ डोळे मिटून दुसरी ओळ टाइप करत होते. दादा हललाच नाही. जिथे ढकलला होता तिथेच वाकून उभा राहिला.

टिंग.

डावा हात पुन्हा उठला. तिथे काही नव्हतं. हात हवेत चाचपला, आणखी थोडा वर गेला, पुन्हा चाचपला. भाऊंनी डोळे उघडले. डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे, वाकलेल्या मुलाकडे.

मी सवयीनं उठले. भाऊंनी हातानं मला खाली बसवलं.

"प्रफुल्ल," भाऊ म्हणाले, "तिकडं काहून थांबून राहिला बे? इकडं ये ना, लाइन संपली!"

दादा डावीकडे येऊन वाकला. भाऊंनी डोळे मिटले, त्याचा गाल धरला, उजवीकडे ढकलला आणि तिसरी ओळ सुरू केली.

खट. प्रफुल्लदादा एक घर डावीकडे सरकला.

खट. आणखी एक.